यकृताचा कर्करोग : औषधे कोणती, किती गुणाची, आणि वावर विकण्याआधी काय विचारावे



दोन हंगामांपूर्वीची गोष्ट आहे. गळीत ऐन भरात होते. शेतकी खात्याच्या कचेरीत तोडीच्या चिठ्ठ्यांसाठी गर्दी. त्या गर्दीत पैनगंगेच्या काठच्या एका गावचे सभासद बगलेत प्लॅस्टिकची पिशवी धरून उभे होते. पिशवीत सीटी स्कॅनचे मोठे फोटो आणि डॉक्टरांचे कागद. आमच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, बिलातून आगाऊ उचल भेटते का? धाकल्याले लिव्हरचा कॅन्सर निघाला. इंजेक्शन द्या लागते म्हणते. एका खेपेले दीड-दोन लाख. नाहीतं खालचं दोन एकर ओलिताचं काढून टाकतो."

आम्ही विचारले, "किती खेपा द्यायच्या?"

"ते नाही इचारलं."

"त्यानं आजार बरा होतो म्हणाले का?"

"तेबी नाही इचारलं. इचारावं कसं जी डॉक्टरले?"

प्रश्न खरा होता. खताच्या पोत्याचा भाव आपण चार दुकानांत विचारतो. बैल घेताना दात मोजतो. पण दवाखान्यात गेलो की आपली वाचा बसते. म्हणून या लेखात यकृताच्या कर्करोगावरच्या औषधांची माहिती साध्या भाषेत देत आहोत. ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी नाही. डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावी एवढाच हेतू आहे.

रोग कोणता

यकृत म्हणजे आपण ज्याला लिव्हर म्हणतो ते. उजव्या बाजूला बरगड्यांखाली असते, वजन सुमारे दीड किलो. खाल्लेल्या अन्नातले साठवणे, विष निकामी करणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यास लागणारे पदार्थ बनवणे, अशी अनेक कामे हा एकच अवयव करतो. त्याचा तिसरा हिस्सा धड असला तरी माणूस चालता-फिरता राहतो. यातच धोका आहे. आत बिघाड होत असतो आणि बाहेर काही दिसत नाही. पोटात पाणी होणे, कावीळ, वजन उतरणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

हा कर्करोग सहसा निरोगी यकृतात होत नाही. आधी यकृत वर्षानुवर्षे सुजते, त्यात वण पडतात, ते कडक होते. याला सिरॉसिस म्हणतात. त्या कडक यकृतात पुढे गाठ धरते. सूज आणणारी कारणे मुख्यतः चार : हेपटायटिस बी व सी या विषाणूंची कावीळ, दारू, मधुमेह व लठ्ठपणामुळे यकृतात साठणारी चरबी, आणि बुरशी लागलेल्या धान्यातले अफ्लाटॉक्सिन नावाचे विष. यामुळे डॉक्टरांपुढे एकाच वेळी दोन आजार असतात, एक गाठीचा व दुसरा खराब झालेल्या यकृताचा. औषध गाठीवर कितीही चांगले असले तरी यकृताला ते पेलवले पाहिजे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे सगळे समजते.

गाठ लहान असताना सापडली तर ती कापून काढता येते, सुईने जाळता येते किंवा यकृत बदलता येते. यातून माणूस बरा होऊ शकतो. गाठी यकृतातच पण जास्त असतील तर आणखी एक उपाय आहे. यकृताला रक्ताचे दोन पाट आहेत. यकृत स्वतः मुख्यतः मोठ्या शिरेवर जगते, आणि गाठ मात्र धमनीचे पाणी पिते. जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून डॉक्टर त्या धमनीत औषध सोडतात आणि गाठीकडे जाणारे बारे बंद करतात. रोग याच्याही पुढे गेला, किंवा एवढ्याने आटोक्यात आला नाही, की गोळ्या आणि इंजेक्शनांची पाळी येते.

पहिली गोळी

२००७ सालापर्यंत पुढे गेलेल्या यकृताच्या कर्करोगाचे आयुष्य वाढवते असे सिद्ध झालेले एकही औषध नव्हते. केस गळवणारी नेहमीची केमोथेरपी येथे चालली नाही. मग सोराफेनिब नावाची गोळी आली. गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या फुटण्याचा इशारा ही गोळी अडवते. ज्यांना गोळी दिली त्यांतले निम्मे रुग्ण १०.७ महिन्यांच्या पुढे जगले. ज्यांना नुसती साखरेसारखी बिनऔषधी गोळी दिली त्यांच्यात हा आकडा ७.९ महिने होता. म्हणजे फरक पावणेतीन महिन्यांचा. चीन, कोरिया व तैवानमध्ये घेतलेल्या दुसऱ्या चाचणीत रुग्ण अधिक थकलेले होते. तेथे हे आकडे ६.५ व ४.२ महिने निघाले.

पावणेतीन महिने म्हणजे काहीच नाही असे कोणी म्हणेल. ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे त्याला विचारा. पण बरे करणारे औषध आणि दिवस वाढवणारे औषध यांत फरक आहे, आणि तो घरच्यांना आधी कळला पाहिजे.

मुंबईतला निकाल

आता या गोळीच्या किमतीची हकीकत सांगतो. ती प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावी अशी आहे.

आपल्या देशात १९७० च्या पेटंट कायद्यान्वये औषधावर मक्तेदारी मिळत नव्हती, फक्त ते बनवण्याच्या रीतीवर मिळत होती. त्यामुळे देशी कंपन्या दुसऱ्या रीतीने तेच औषध बनवून स्वस्तात विकत. जागतिक व्यापार कराराप्रमाणे २००५ पासून कायदा बदलला आणि औषधावरच वीस वर्षांचा मक्ता मिळू लागला. जर्मनीच्या बायर कंपनीला सोराफेनिबचे भारतातले पेटंट २००८ साली मिळाले. तिने महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत ठेवली २,८०,४२८ रुपये. म्हणजे एक गोळी २,३३७ रुपयांची, आणि दिवसाला गोळ्या चार.

आपल्या हिशेबात सांगायचे तर २०११-१२ च्या हंगामात साडेनऊ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी टनाला १,४५० रुपये होती. त्या भावाने एका महिन्याच्या गोळ्यांसाठी १९३ टन ऊस घालावा लागला असता. एकरी तीस टन धरले तरी साडेसहा एकर ऊस एका महिन्याच्या डबीत गेला असता.

हैदराबादच्या नॅटको कंपनीने आधी बायरकडेच परवानगी मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा जुलै २०११ मध्ये नॅटकोने मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला. कायद्याच्या ८४ व्या कलमात तरतूद आहे, की पेटंटधारकाने लोकांची वाजवी गरज भागवली नाही, किंमत लोकांना परवडणारी ठेवली नाही, किंवा त्या शोधाचा देशात वापर केला नाही, तर सरकार दुसऱ्याला सक्तीचा परवाना देऊ शकते. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी निकाल दिला. तिन्ही मुद्दे बायरच्या विरुद्ध गेले. गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत औषध पोचत होते असे त्यात दिसून आले. नॅटकोला परवाना मिळाला. अट अशी की महिन्याचे औषध ८,८८० रुपयांच्या वर विकायचे नाही, बायरला विक्रीच्या सहा टक्के मोबदला द्यायचा, आणि दर वर्षी किमान ६०० गरीब रुग्णांना औषध फुकट द्यायचे.

२,३३७ रुपयांची गोळी ७४ रुपयांवर आली. १९३ टनांच्या जागी सहा टन.

बायर अपिलात गेली. अपील मंडळाने मार्च २०१३ मध्ये निकाल कायम ठेवला, फक्त मोबदला सात टक्के केला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये तो उचलून धरला आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालण्यास नकार दिला. भारतात दिलेला हा पहिला सक्तीचा परवाना. पुढे दुसऱ्या औषधांसाठी दोन कंपन्यांनी २०१३ व २०१६ च्या सुमारास असाच प्रयत्न केला, तो फेटाळला गेला. म्हणजे हे हत्यार आहे, पण रोज उपसले जात नाही. कंपन्यांचे म्हणणे असे की शोधाला पैसा लागतो आणि मक्त्याशिवाय तो निघत नाही. त्यातही तथ्य आहे. पण ज्या भावात शंभरातले अठ्ठ्याण्णव जण दुकानाच्या पायरीवरूनच परत जातात तो भाव कोणासाठी, हा प्रश्न उरतोच.

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाचा भाव २००६ साली आंध्र सरकार भांडले तेव्हा साडेसातशेवर आला, आणि त्याचा लाभ आपल्या कापूसवाल्यांनाही झाला. मालाची किंमत मालाच्या खर्चावर ठरते असे आपण धरून चालतो. पुष्कळदा ती दुसरा विकणारा आहे की नाही यावर ठरते.

सोराफेनिबच्या पेटंटची मुदत आता संपली आहे. अनेक देशी कंपन्या ही गोळी बनवतात.

गोळ्यांनंतर इंजेक्शने

२०१८ साली लेन्व्हाटिनिब ही दुसरी गोळी सोराफेनिबच्या बरोबरीची ठरली. ती दिवसातून एकदाच घ्यायची असते. वजन साठ किलो वा जास्त असेल तर १२ मिलिग्रॅम, कमी असेल तर ८. पहिली गोळी चालेनाशी झाली तर देण्याजोगी रेगोराफेनिब व कॅबोझँटिनिब ही औषधेही आली. या सर्व गोळ्यांनी हातापायांचे तळवे सोलणे, जुलाब, रक्तदाब वाढणे, थकवा असे त्रास होऊ शकतात. त्रास झाला म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. डॉक्टर मात्रा कमी करून देतात.

मोठा बदल २०२० साली झाला. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. कर्करोग त्यांच्या डोळ्यांवर घाण्याच्या बैलासारखी झापड बांधतो, म्हणून त्या गाठीजवळून जातात आणि त्यांना गाठ दिसत नाही. ही झापड कशी काढावी याची वाट दाखवल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जातीचे ॲटेझोलिझुमॅब आणि रक्तवाहिन्या रोखणारे बेव्हासिझुमॅब ही दोन इंजेक्शने दर एकवीस दिवसांनी मिळून देतात. यात निम्मे रुग्ण १९.२ महिन्यांच्या पुढे जगले. सोराफेनिबवर हा आकडा १३.४ होता. दहातल्या तिघांची गाठ बरीच लहान झाली. याचा दुसरा अर्थ असा, की दहातल्या सातांची तशी झाली नाही.

दुसरी जोडी ट्रेमेलिमुमॅब व डुर्व्हालुमॅब, २०२२ पासूनची. पहिले औषध एकदाच, दुसरे दर चार आठवड्यांनी. या जोडीवर शंभरातले सुमारे वीस रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात होते, सोराफेनिबवर नऊ. वीस वर्षांपूर्वी असे कोणी बोलले असते तर डॉक्टरांनी विश्वास ठेवला नसता. २०२५ साली अमेरिकेत निव्होलुमॅब व इपिलिमुमॅब या तिसऱ्या जोडीलाही मान्यता मिळाली.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, हे सर्व आकडे अशा रुग्णांचे आहेत ज्यांचे उरलेले यकृत बऱ्यापैकी चालू होते. ज्याच्या पोटात पाणी भरले आहे, डोळे पिवळे झाले आहेत, त्याला हे आकडे लागू होत नाहीत. दुसरी, बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो. सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, म्हणून आधी दुर्बिणीने तपासणी करणे जरूर असते.

खर्चाचे म्हणाल तर एका खेपेला लाखाच्या पुढे जाऊ शकतो. बेव्हासिझुमॅब आता देशी कंपन्या बनवतात, ते त्यामानाने स्वस्त आहे. डुर्व्हालुमॅबवरचे सीमाशुल्क केंद्र सरकारने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात माफ केले. तरी ही इंजेक्शने सामान्य शेतकऱ्याच्या हाताला सहज लागतील अशी नाहीत.

येऊ घातलेली औषधे

धमनीतून द्यायच्या औषधाला इंजेक्शनांची जोड दिली तर गाठ जास्त काळ दबून राहते, असे अलीकडच्या चाचण्यांत दिसले आहे. आयुष्य वाढते हे मात्र अजून पक्के सिद्ध व्हायचे आहे. शस्त्रक्रियेनंतर ॲटेझोलिझुमॅबची जोडी दिली तर गाठ परत येत नाही असे २०२३ मध्ये वाटले होते. पुढच्या वर्षी जास्त दिवसांचा हिशेब आला तेव्हा तो फायदा टिकला नाही. नवे ते चांगलेच असते असे नाही, एवढे यावरून शिकावे.

आपल्याच राज्यात दोन कामे झाली आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांबरोबर देऊन पाहिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. टाटा रुग्णालय व मुंबईची आय.आय.टी. यांच्या प्रयत्नातून रुग्णाच्याच पेशी शिकवून परत देण्याचा उपचार निघाला, त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. पण पहिले काम तोंड-घशाच्या रोगावर आहे आणि दुसरे रक्ताच्या. यकृताच्या कर्करोगावर शिकवलेल्या पेशी अजून चाचणीतच आहेत. वर्तमानपत्रात बातमी वाचून कोणी 'लिव्हरवर पण हेच देतो' असे सांगू लागला तर सावध राहावे.

वावर विकण्याआधी पाच प्रश्न

पुढील प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर दुसरा डॉक्टर गाठा.

१. हा उपचार बरे करण्यासाठी आहे की दिवस वाढवण्यासाठी? साधारण किती?

२. उरलेल्या यकृताची स्थिती काय? हे औषध त्याला पेलवेल काय?

३. गुण येतो की नाही हे किती खेपांनंतर कळेल? नाही आला तर थांबवणार काय?

४. स्वस्त गोळीने आणि या इंजेक्शनाने माझ्या रुग्णात किती फरक पडेल?

५. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते? कंपनीची सवलत योजना आहे काय?

या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा. पैसे भरून झाल्यावर भेटून उपयोग नाही. दुसरे मत घ्यायचे तर नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, आणि मुंबईचे टाटा आहे. मुंबईत राहण्याची चिंता पडते. आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे, तेथे कर्करोगाचे रुग्ण व नातेवाईक उतरतात.

आणि यकृत अगदीच थकलेले असेल तर पोटातले पाणी काढणे, दुखणे कमी करणे, झोप लागू देणे हाही उपचारच आहे. रुग्णाला घरी ठेवून तो करणे म्हणजे हात टेकणे नव्हे.

सर्वांत स्वस्त औषध

लाखांची औषधे ज्या रोगाचे दिवस वाढवतात, तो रोग मुळात टाळणारी औषधे फुकट आहेत, आणि त्यांचीच कोणाला माहिती नाही.

हेपटायटिस बी ची लस देशात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ साली बनवली, त्याआधी परदेशी लस फार महाग होती. सरकारी लसीकरणात ती २०११ पासून देशभर आली. पहिला डोस जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायचा असतो, कारण विषाणू आईकडून बाळाला जातो. तैवानने १९८४ पासून बाळांना ही लस दिली आणि तेथे मुलांतला यकृताचा कर्करोग उतरला. कर्करोग टाळणारी लस आपल्या उपकेंद्रात आहे, हे घराघरांत सांगितले पाहिजे.

पण आपण मोठी माणसे त्या लसीच्या आधीची. आपण एकदा रक्त तपासून घ्यावे. हेपटायटिस बी निघाला आणि डॉक्टरांना जरूर वाटली तर रोजची एक गोळी घेऊन तो दबून राहतो. सी निघाला तर साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णव जण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी व औषधे मोफत आहेत. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. कावीळ झाली की गळ्यात माळ घालणे, नाकात रस पिळणे आणि डोळे पांढरे झाले की विसरून जाणे, ही आपली चाल आहे. डोळे पांढरे होतात, विषाणू आत राहू शकतो.

भुईमूग, मका ओला साठवू नये. बुरशीचा दाणा निवडून फेकावा, भाजल्या-उकडल्याने ते विष पुरते जात नाही. १९७४ साली पंचमहाल व बांसवाडा भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली होती.

दारूचे काय सांगावे? मळीतून अल्कोहोल निघते हे साखर कारखान्याच्या सभासदाला शिकवायला नको. हल्ली त्यातले पुष्कळ पेट्रोलमध्ये जाते. तेथेच जाऊ द्यावे.

शेवटी त्या सभासदांबद्दल. ते पाच प्रश्न घेऊन दुसऱ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कागद पाहून सांगितले, यकृत थकले आहे, इंजेक्शन पेलवणार नाही. कमी मात्रेत गोळी दिली. धाकटा भाऊ सात महिने घरीच होता, शेवटचा महिना सोडला तर हिंडता-फिरता. खोडव्याला पाणी सोडतानाही बांधावर येऊन बसे. खालचे दोन एकर राहिले. त्यांत आता त्याच्या बायकोच्या नावाने ऊस उभा आहे.

डॉक्टरांनी घरच्या सर्वांचे रक्त तपासायला लावले. थोरल्या सभासदांना स्वतःलाच हेपटायटिस बी निघाला. कधी कळले नव्हते. आता रोज एक गोळी आणि सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू आहे. परवा कचेरीत आले होते, तोडीची तारीख विचारायला. आम्ही तब्येत विचारली तर म्हणाले, "ठीक हाये. आता सगळं इचारतो मी डॉक्टरले."

सभासदांनी आपल्या घरातल्या प्रत्येकाची ही तपासणी एकदा करून घ्यावी, आणि घरात नवे बाळ आले की पहिल्या दिवसाची लस चुकू देऊ नये, ही विनंती.